दिवेलागणीच्या आत घरी : शरदात आम्ही दोघं, सातारा आणि आसपास

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाचते आहे बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. त्यातली बरीचशी वर्षं सातारा-वाई-महाबळेश्वर याच रस्त्यावर गेली. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष झोप भरून काढण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पितृपक्ष संपला त्या आठवड्यात सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "चल, लिंबला जाऊ." मी विचारलं, लिंबला आपलं कोण आहे? तर म्हणाले, "कोणी नाही. इतकी वर्षं लिंब फाट्यावर माणसं उतरवली. ती आत कुठं जातात ते बघू."

तिथून सुरुवात झाली. आता हा तिसरा आश्विन. दर आठवड्याला एखादा दिवस आम्ही दोघं डबा घेऊन निघतो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. घरी सासूबाई आहेत, ८८ वर्षांच्या. दिवसभर शेजारच्या वहिनी लक्ष ठेवतात, पण अंधार पडला की त्यांना आम्ही दोघं डोळ्यांसमोर लागतो. देवापुढचा दिवा मी लावलेलाच त्यांना चालतो. ह्यांची कंबर गाडी चालवून चालवून धरलेली, त्यामुळे स्कूटरवर लांब जाणं नाही. म्हणून एसटी. माझं तिकीट अर्धं. पहिले काही दिवस हे खिडकीशी बसायचे, पण डोळे सगळे समोरच्या रस्त्यावर आणि गाडी वळणाला आली की उजवा पाय आपोआप दाबला जायचा. आता बाहेर बघतात. परवा मला म्हणाले, ह्या पिंपळाला एवढी मोठी ढोली आहे हे माहीत नव्हतं.

आम्ही शरदातच का फिरतो तेही सांगते. भाद्रपदापर्यंत कृष्णा गढूळ असते, घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. आमच्या सासूबाई म्हणतात, अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं. आश्विनात खरंच तळ दिसायला लागतो. रानातलं गवत अजून हिरवं असतं आणि पायवाटा वाळलेल्या. कार्तिक सरता सरता तेच गवत पिवळं पडतं. मधले हे पाच-सहा आठवडे आमचे. ऊन मात्र कडक, ऑक्टोबरचं. सकाळी सातला निघालं तरच मजा.

तर लिंब. सातारहून पुण्याच्या दिशेला, हायवे सोडून आत गेलं की गाव, आणि गावाबाहेर बारामोटेची विहीर. चित्रं बरीच जणांनी पाहिली असतील. मी पाहिली नव्हती, म्हणून मला आधी वाटलं, विहीर ती काय बघायची. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलो आणि बाहेरचा उकाडा जणू कुणी दार लावून बंद केला. आत दगडाचा छोटा महालच आहे, नक्षीचे खांब, आणि महालाच्या पलीकडे थेट खाली अष्टकोनी विहीर. वरून पाहिलं तर सगळा आकार शिवलिंगासारखा. खोली ११० फूट सांगतात, व्यास ५०. शिलालेख आहे, त्यात बांधकाम शके १६४१ ते १६४६ दिलंय, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. बांधून घेणाऱ्या वीरूबाई भोसले. एका बाईनं आमराईला पाणी मिळावं म्हणून हे उभं केलं हे वाचून मी तिथंच पायरीवर बसले.

माझ्या माहेरी मोट होती, विहिरीचं पाणी बैलांनी ओढून काढायची मोठी पखाल. मी सात-आठ वर्षांची असेन. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर यायची, सोंदूर (मोटेच्या तोंडाची दोरी) सुटली की पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, धपकन पडायचं आणि मग पाटानं पळायचं. बैल पुन्हा मागं मागं चालत वर. आमच्याकडे एक मोट, तरी सकाळभर आवाज. इथं बारा मोटा एका वेळी चालायच्या. मी ह्यांना नाडा, मोटेचा जाड दोर, कुठून जायचा, थारोळं कुठं असणार, हे सगळं दगडांवर हात ठेवून दाखवलं. लग्नाला ३६ वर्षं झाली, पण माझ्या माहेरच्या मोटेबद्दल त्यांनी पहिल्यांदा एवढं विचारलं. डबा तिथंच बाहेर झाडाखाली खाल्ला. भाकरी, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. तीनच्या गाडीनं परत.

तुम्ही दोघं (किंवा एकटे, किंवा मैत्रिणी) घरापासून जवळ कुठं जाता, ते लिहा. लांबच्या सहलींचे धागे खूप आहेत.

सोनकी

काय सुंदर लिहिलंयत काकू! आम्ही कोरेगावचे, लिंबपासून कितीसे लांब, आणि मी अजून गेलेले नाही. एक विचारायचं होतं. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला पायऱ्या झेपतील का?

वेण्णाकाठ

सोनकी, उतरायच्या पायऱ्या रुंद आहेत, पण दगडी आणि उंच. सावकाश, एका बाजूला धरून उतरल्या तर जमेल. महालाच्या वरच्या भागातूनही विहिरीत डोकावता येतं. आश्विनात पहिल्या पंधरवड्यात आतला दगड ओलसर असतो, म्हणून दिवाळीच्या जवळपास न्या. आणि चपलांऐवजी पट्ट्याचे सँडल.

घाटमाथा

छान धागा. पण एका दिवसात एकच ठिकाण मला पटत नाही. मी आणि बायको गाडी काढतो तेव्हा ढोल्या गणपती, मेणवली, धोम असं सगळं एका फेरीत करतो. वाईपासून मेणवली तीन-चार किलोमीटर, धोम तिथून थोडं पुढं. एवढं पेट्रोल जाळून एकच घाट बघून यायचं?

धोमचं नृसिंहाचं आणि महादेवाचं मंदिर कोणी चुकवू नका. नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि तो मंडप कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी भरलेलं असताना बघावा. हे शरदातच शक्य.

वाईची_लेक

ढोल्या गणपतीबद्दल एक गोष्ट आमच्या आजोबांनी दाखवली होती, ती सांगते. देवळाच्या पुढून दर्शन घेऊन लोक जातात. मागच्या बाजूला, नदीकडून जाऊन बघा. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी फाकून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, तेव्हापासून कृष्णेचे किती पूर त्यानं अंगावर घेतले असतील. पावसाळ्यात तो भाग पाण्यात असतो. आश्विनात पाणी उतरलं की भिंतीवर पुराच्या खुणेची रेघ दिसते. मी दरवर्षी माहेरी गेले की ती रेघ कुठवर आली ते बघते.

आणि वाईला गेलात की विश्वकोशाच्या कार्यालयावरून एक चक्कर मारा. एवढ्याशा गावातून मराठीचा विश्वकोश निघाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो उभा केला, ह्याचा आम्हा वाईकरांना फार अभिमान आहे.

वेण्णाकाठ

वाईची_लेक, ती मागची भिंत आम्ही पुढच्या वेळी नक्की बघू. ह्यांची गाडी वाई स्टँडवर रोज थांबायची. चहा घ्यायचे, गाडी काढायचे, पुढे पसरणीचा घाट. नदीपर्यंत पायी थोडीशीच वाट, तेवढा वेळही ड्युटीत कधी निघाला नाही. पहिल्यांदा घाटावर उभं राहून नदी बघितली तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

घाटमाथा, तुमचं म्हणणं कळतं. आम्हीही पहिल्या वर्षी तसंच केलं होतं. वाईहून मेणवलीला गेलो, नाना फडणविसांचा वाडा पाहिला, भिंतीवरची चित्रं पाहिली, घाटावर उतरलो, तिथली मोठी घंटा पाहिली, फोटो काढला, पुढे गेलो. घरी येऊन सासूबाईंना सांगायला बसले तर घंटा एवढंच सांगता आलं.

गेल्या वर्षी फक्त मेणवलीला गेलो. सकाळी आठला घाटावर. बायका कपडे धूत होत्या, एक मुलगा म्हशी घेऊन पाण्यात उतरला होता. अर्धचंद्रासारख्या वळणाऱ्या पायऱ्यांवर आम्ही नुसते बसून राहिलो. ऊन तिरपं होऊन घंटेवर पडलं तेव्हा तिच्यावरची मेरी आणि कडेवरचं बाळ मला दिसलं. १७०७ सालही कोरलेलं आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. कृष्णेच्या काठी शंकराच्या देवळाशी ही बाळाला घेतलेली आई इतकी वर्षं टांगलेली आहे. पहिल्या वेळी मी तिच्यासमोर उभी राहून फोटो काढला होता आणि ती मला दिसली नव्हती. तेव्हापासून एकच जागा.

घाटमाथा

मी मेणवलीला निदान पाच वेळा गेलो असेन. घंटेवर बाळ आहे हे मला माहीत नव्हतं. ह्या रविवारी जातो.

गोदातीरी

आम्ही नाशिकरोडचे, दोघंही नोकरी करतो, मुलगी दहावीत. त्यामुळे आमचा दिवस म्हणजे सकाळी सहा ते दुपारी बारा. सिन्नरचं गोंदेश्वर आमचं सगळ्यात आवडतं. यादवकाळातलं, बाराव्या शतकातलं पंचायतन. मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. सकाळचं कोवळं ऊन शिखरावर चढताना बघावं. मुलीनं चित्रकलेच्या वहीत सगळी वाट्याला आलेली नक्षी उतरवली आहे, आम्ही दोघं तोवर प्रदक्षिणा घालत गप्पा मारतो. घरात अशा गप्पा होत नाहीत, तिथं बिलांचं आणि क्लासच्या फीचंच बोलणं होतं.

दुसरं नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, त्याच्या फुगवट्यात पाणपक्षी. २०२० मध्ये रामसर स्थळ (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोक डिसेंबर-जानेवारीत गर्दी करतात, तेव्हा पक्षी जास्त असतात हे खरंच. पण आम्हाला ऑक्टोबरअखेर आवडतं. पाहुणे नुकते यायला लागलेले असतात. दर आठवड्याला गेलं तर मागच्या वेळी नव्हता तो थवा आज आहे, हे कळतं. दुर्बीण तिथं भाड्यानं मिळते की नाही ते आधी विचारून जा, आम्ही आमची नेतो.

नवीनसंसार

लग्नाला आठ महिने झालेत, दोघंही हिंजवडीत. आम्हाला शनिवार-रविवार सोडून वेळ नाही. मागच्या रविवारी कासला गेलो होतो. साताऱ्यापासूनच गाड्यांची रांग, वर फुलांपेक्षा माणसं जास्त. बायको अक्षरशः रडवेली झाली, कारण लोक फोटोसाठी फुलांवर बसत होते. काकू, तुम्ही कासला जाता का? कधी जावं?

वेण्णाकाठ

नवीनसंसार, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तिला जे वाटलं ते आम्हा सातारकरांना दरवर्षी वाटतं.

आम्ही मंगळवारी किंवा बुधवारी जातो, सकाळच्या बामणोलीच्या एसटीनं. ती कासवरूनच जाते. सातारहून साधारण २५ किलोमीटर. २०१२ मध्ये जागतिक वारशात नाव आलं तेव्हापासून गर्दी वाढली. ह्यांच्याबरोबरचे एक जण तिकडच्याच गावचे, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. पठार सगळं जांभ्याचं, त्यावर मातीचा जेमतेम थर. पावसाचं पाणी मुरत नाही, साचून राहतं. म्हणून झाडं वाढत नाहीत आणि ही बोटभर उंचीची फुलं येतात. मातीत सकस काही नाही, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं बारीक किडे धरून पोट भरतात. एवढ्याशा मातीवर जगणारं फूल, त्यावर एक माणूस बसला की त्या जागी पुढच्या वर्षी काय उगवायचं?

तुम्हाला आठवड्याच्या मधे सुट्टी मिळत नसेल तर यंदा कास सोडून द्या. चाळकेवाडीच्या पठाराकडे या, पवनचक्क्यांच्या. सोनकी फुललेली असते, सगळा उतार पिवळा. वाऱ्यानं कानाला रुमाल बांधावा लागतो. वाटेत सज्जनगड, ठोसेघर लागतात, पण तुम्हाला माझा नियम माहीत आहे.

सोनकी

माझं नाव तिथूनच घेतलंय. :)

रानवाट_५२

नवीनसंसार, फुलांच्या वाटेवरून चालताना दगडावर पाय ठेवा, हिरवळीवर नको. आणि फोटो काढताना तुम्ही खाली वाका, फुलाला वर ओढू नका. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट हीच सांगायचो.

सांतेरी

गोव्यातून लिहिते आहे. आमच्याकडे शरद म्हणजे चतुर्थी होऊन गेलेली, भात कापणीला आलेलं आणि पर्यटक अजून पुरते आलेले नसतात. मी आणि घोव रिबंदरहून फेरीबोटीनं दिवाडीला जातो. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी ओलांडायला काही मिनिटं, पण बोटीचं फळकुट वर उचललं की घरचं सगळं ह्या काठावर राहतं असं मला दरवेळी वाटतं. बेटावर नुसती शेतं, खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली जमीन), बगळे. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चजवळ बसलं की दोन्ही बाजूंची नदी दिसते.

सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान ह्याच बेटावर होतं. पोर्तुगिजांच्या काळात देव पलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्वेला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. सकाळी दिवाडी बघून दुसऱ्या आठवड्यात नार्वेला जा. वेण्णाकाठताईंचा घंटेबद्दलचा प्रतिसाद वाचताना मला हेच आठवलं. इकडचा देव नदी ओलांडून गेला, वसईची घंटा घाट चढून तुमच्याकडे आली.

वेण्णाकाठ

सांतेरी, तुमचं शेवटचं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनीही ऐकलं. म्हणाल्या, "पाण्यापलीकडं गेला तरी देव तोच."

काल संगम माहुलीला जाऊन आलो, ते लिहून ठेवते. घरापासून पाच किलोमीटर, म्हणून कधी सहल म्हणून गेलोच नव्हतो. माहुलीला आपण जातो ते दहाव्याला, बाराव्याला. सासऱ्यांचंही तिथंच केलं. ह्यांचं म्हणणं, एकदा तरी दुःख नसताना जाऊ.

कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं दोन रंग दिसतात का ते बघायचं होतं. आता पाणी निवळलंय, फारसा फरक दिसला नाही, पण ओढ वेगळी आहे. टाकलेलं पान एका बाजूनं जोरात जातं आणि मधे आलं की रेंगाळतं. विश्वेश्वराचं देऊळ थंडगार. श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी बांधलेलं. दीपमाळेला लहान मुलं शिवाशिवीत हात लावून पळत होती. काठावर समाध्या आहेत, महाराणी ताराबाईंची, येसूबाईंची. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे. ताराबाईंच्या समाधीवर कोणीतरी झेंडूचं एक फूल ठेवलेलं होतं. एवढा मुलूख सांभाळलेली बाई, आणि आम्ही पाच किलोमीटरवर राहून तिला हात जोडायला कधी आलो नव्हतो. हे वाटून मला फार वाईट वाटलं.

सासऱ्यांचे दिवस जिथं केले त्या पायरीवर हे थोडा वेळ बसले. मग मला म्हणाले, वडील गेले तेव्हा रजा तीनच दिवस मिळाली होती. हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी ते आजवर बोलून दाखवलं नव्हतं.

गोदातीरी

काकू, हे वाचून मी आजच्या आज आईला फोन केला.

घाटमाथा

मेणवलीला जाऊन आलो. बाळ दिसलं. बायकोला आधी दिसलं. दोन तास बसलो, धोमला गेलो नाही.

सूरपेटी

धागा वाचून राहवलं नाही. तुमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर औंध आहे. डोंगरावर यमाई, आणि अर्ध्या वाटेवर भवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. पुन्हा आई आणि बाळ, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

पण खरं निमित्त वेगळं. औंधला आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास संगीत महोत्सव असतो. १९४० मध्ये अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केला. तिकीट नाही. खाली बसून ऐकायचं, शेजारी गावातला शेतकरी आणि मुंबईहून आलेला जाणकार मांडीला मांडी लावून. मी वीस वर्षं जातोय. फक्त एक अडचण, गाणं रात्री उशिरापर्यंत चालतं. दिवेलागणीच्या आत घरी तुम्हाला जमायचं नाही.

वेण्णाकाठ

सूरपेटी, ह्यांना भजनाची फार आवड. पण तुमचा प्रतिसाद वाचून मी फोन बाजूला ठेवला, विषय काढला नाही. सासूबाईंना सोडून रात्र बाहेर, हे आमच्याकडे कधी झालेलं नाही.

वेण्णाकाठ

पुढचं सांगते. सासूबाईंनीच काढलं. माझा फोन वहिनींकडून वाचून घेतात, मला माहीत नव्हतं. आज दुपारी म्हणाल्या, "तो एवढी वर्षं मुक्कामी गाडीवर गेला, तू इकडं आणि तो तिकडं. आता एक मुक्काम दोघं मिळून करा." नणंदबाई कोरेगावहून येऊन राहणार आहेत. दिवा त्या लावतील, आणि सासूबाईंना तो चालेल म्हणाल्यात.

औंधला जायचं ठरलं. सूरपेटी, रात्री गार वाजतं का तिथं? शाल नेऊ की रग? सकाळी पहिली गाडी किती वाजता, ते ह्यांना विचारायची गरज नाही. त्यांना ती तोंडपाठ आहे.

सूरपेटी

दोन्ही आणा. पहाटे गारठा असतो. आणि बसायला सतरंजी.